उकिरड्यातला इतिहास : अंदमानचे पहिले दर्यावर्दी

काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाची सहल अंदमानला गेली होती, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. आपण मराठी माणसे अंदमानला जातो ती मुख्यतः सेल्युलर जेलसाठी. सावरकरांच्या कोठडीसमोर उभे राहिलो तेव्हा आमच्यातले सर्वांत बोलके गृहस्थही बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी पहाटे बाराटांगला निघालो. हा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा, बरोबर पोलीस, वाटेत थांबायला बंदी, फोटो काढायला बंदी. बसमधला मार्गदर्शक मात्र रंगात येऊन सांगत होता, "हे लोक साठ हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आले आणि तेव्हापासून जसेच्या तसे आहेत. अश्मयुग पाहायचे असेल तर ते इथेच!" झाले, सगळी बस खिडक्यांना नाके लावून बसली.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तरी मीही मान डोलावली, कारण मलाही एवढेच ठाऊक होते. मागच्या सीटवरच्या एका वहिनींनी मात्र हळूच विचारले, "सर, हे साठ हजार मोजले कुणी?" मला उत्तर देता आले नाही. हैदराबादला परतल्यावर त्या प्रश्नामागे लागलो आणि जे हाती आले ते त्या बसमधल्या वाक्यापेक्षा कितीतरी मोठे निघाले. वहिनींचे उत्तर राहिले होते, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने देतो आहे.

समुद्र ओलांडल्याशिवाय बेट नाही

म्यानमारच्या नेग्राईस भूशिरापासून इंडोनेशियातल्या सुमात्रापर्यंत समुद्रात एक डोंगररांग बुडालेली आहे. तिची पाण्यावर राहिलेली शिखरे म्हणजे अंदमान आणि निकोबार. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, जगातले पाणी बर्फाच्या रूपाने ध्रुवांकडे अडकून पडले होते. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. उत्तर, मध्य आणि दक्षिण अंदमान तेव्हा मिळून एकच लांबलचक बेट होते आणि म्यानमारचा किनारा आजच्यापेक्षा बराच पुढे सरकलेला होता. तरीही मधला खोल समुद्र पूर्णपणे आटला नव्हता, असेच बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे अंदमानचा पहिला माणूस चालत आलेला नाही. तो होडीतून किंवा तराफ्यावरून आला. त्याच्याबरोबर बायका होत्या, पोरे होती. समोर हिरवी रेघ दिसत होती की नुसता अंदाज होता, कोण जाणे. पण तो निघाला.

शेती न करणाऱ्या, शिकार करून आणि कंदमुळे-मासे गोळा करून जगणाऱ्या लोकांना समुद्र ओलांडता आला नसेल, अशी विद्वानांचीही पूर्वी समजूत होती. ती आता जगभर मोडीत निघाली आहे. पूर्व तिमोरमधल्या जेरिमलाई गुहेत सुमारे ४२,००० वर्षांपूर्वीच्या थरांत ट्यूनासारख्या खोल पाण्यातल्या माशांची हाडे निघाली. सायप्रसच्या आक्रोतिरी येथे सुमारे १२,००० वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांच्या चुलींबरोबर बुटक्या पाणघोड्यांची हाडे सापडली. अगदी अलीकडे, २०२५ साली, माल्टा बेटावरच्या लातनिया गुहेतले संशोधन प्रसिद्ध झाले. शेतकरी त्या बेटावर पोहोचण्याच्या हजारेक वर्षे आधी, म्हणजे सुमारे ८,५०० वर्षांपूर्वी, शिकारी लोक जवळजवळ १०० किलोमीटरचा खुला समुद्र ओलांडून तिथे गेले होते. अंदमानची गोष्ट या मोठ्या गोष्टीतलाच एक अध्याय आहे, आणि तो आपल्या देशात घडलेला आहे.

पहिला साक्षीदार : उकिरडा

आपल्याकडे म्हणतात, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात. अंदमानच्या उकिरड्यांना मात्र दोन हजारांहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली.

अंदमानच्या किनाऱ्यालगत, विशेषतः खाड्यांच्या आणि खारफुटीच्या आसपास, शिंपल्यांचे मोठमोठे ढीग आहेत. काही तर पुरुषभर उंचीपेक्षाही उंच. वर झाडे वाढल्यामुळे लांबून टेकाडच वाटते. फर्डिनांड स्टोलिच्का या मोराव्हियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) जन्मलेल्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने ते पाहिले आणि १८७० साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या कार्यवृत्तात त्यांवर टिपण छापले. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर असेच ढीग सापडले होते आणि ते अश्मयुगीन लोकांच्या स्वयंपाकाचा कचरा असल्याचे नुकतेच सिद्ध झाले होते. अंदमानचे ढीग त्याच जातीचे आहेत, हे स्टोलिच्काने ओळखले.

या ढिगांची खरी उकल होण्यासाठी आणखी शंभर वर्षे जावी लागली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या परंपरेत तयार झालेल्या पुरातत्त्वज्ञ झरीन कूपर यांनी १९८०च्या दशकात अंदमानची बेटे पालथी घातली, दक्षिण अंदमानात चौलदारी येथे उत्खनन केले आणि २००२ साली आपले सारे काम ग्रंथरूपाने मांडले. त्यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. ओंगे लोक सोडून गेलेल्या राहुट्यांच्या जागांचाही त्यांनी अभ्यास केला. माणसे उठून गेल्यावर मागे काय उरते आणि काय कुजून जाते, हे डोळ्यांनी पाहिले म्हणजे मग जमिनीखालचे वाचता येते.

उकिरडा वाचायचा कसा? सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, हा पहिला नियम. अंदमानात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा जंगलात लाकूड, पाने, वेत, कातडे काहीच टिकत नाही, आणि आम्लधर्मी माती हाडेही खाऊन टाकते. पण शिंपल्यांतला चुना त्या आम्लाला मारतो, म्हणून ढिगात हाडे शाबूत राहतात. रानडुकराची हाडे, कासवांची हाडे, माशांचे मणके, खेकड्यांच्या नांग्या, कालवे, खारफुटीतल्या गोगलगाई. त्यांच्याबरोबर मडक्यांची खापरे, दगडी हातोडे, गारगोटीच्या कपच्या, हाडांची आणि शिंपल्यांची टोके. एकाच ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या जेवणावळी उठल्या आणि उष्ट्याखरकट्याची वही आपोआप लिहिली गेली.

मग प्रश्न तारखेचा. कार्बन-१४ पद्धतीने या ढिगांची वये काढली, तेव्हा सर्वांत जुनी तारीख निघाली सुमारे २,२८० वर्षांपूर्वीची (अधिक-उणे ९० वर्षे). म्हणजे ढोबळमानाने मौर्यांच्या आगेमागे. साठ हजार कुठे आणि सव्वादोन हजार कुठे!

दुसरा साक्षीदार : रक्त

साठ हजारांचा आकडा आला तो आपल्याच गावातून. तारनाक्याहून उप्पलकडे जाताना उजव्या-डाव्या हाताला ज्या संशोधन संस्था लागतात, त्यांतली एक म्हणजे पेशीय आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र, आपण सर्रास सीसीएमबी म्हणतो ती. तिथले कुमारसामी थंगराज, लालजी सिंह आणि त्यांचे सहकारी यांनी पाच ओंगे, पाच ग्रेट अंदमानी आणि पाच निकोबारी व्यक्तींच्या मायटोकाँड्रियल डीएनएचे संपूर्ण वाचन केले. हा डीएनए फक्त आईकडून मुलांकडे येतो. त्यात काळाच्या ओघात बारीक बदल साठत जातात आणि ते मोजून दोन घराणी कधी वेगळी झाली याचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे भाट वंशावळ सांगतात तशी ही पेशीतली आईकडची वंशावळ. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आला. निकोबारी लोकांचे नाते आग्नेय आशियाशी निघाले. पण ओंगे आणि ग्रेट अंदमानी यांच्या दोन वंशरेषा तेव्हा इतरत्र कुठेच माहीत नव्हत्या, आणि त्या ५० ते ७० हजार वर्षे जुन्या दिसत होत्या. त्या आधी २००३ सालीही असाच प्रयत्न झाला होता. त्यात वापरले गेले ते रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञाच्या १९०६-०८च्या मुक्कामात गोळा झालेले केस!

वर्तमानपत्रांनी साठ हजार हा आकडा उचलला आणि तो बसपर्यंत पोहोचला. पण विज्ञान तिथे थांबले नाही. २००६ साली यांतल्या एका वंशरेषेच्या जवळच्या शाखा ईशान्य भारताच्या बाजूच्या राजबंशी समाजात सापडल्या. २०११च्या एका संशोधनाने म्यानमारकडचेही नमुने तपासले आणि असे मांडले की, अंदमानचे पूर्वज ईशान्य भारत-म्यानमारच्या वाटेने, समुद्र उथळ असताना, म्हणजे साधारण गेल्या २५ हजार वर्षांत बेटांवर उतरले असावेत.

इथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. वंशरेषा किती जुनी, हा एक प्रश्न; ती वंशरेषा घेऊन माणसे बेटावर कधी उतरली, हा वेगळाच प्रश्न. आपले आडनाव तीनशे वर्षांचे असेल, म्हणून आपण तीनशे वर्षे हैदराबादेत आहोत असे होत नाही! डीएनए घराण्याचे वय सांगतो, गृहप्रवेशाची तारीख सांगत नाही.

मधली वर्षे कुठे गेली?

गृहप्रवेश २५ हजार वर्षांपूर्वीचा धरला तरी सव्वादोन हजारांपर्यंतचा पुरावा कुठे आहे? त्याचे उत्तर बहुधा पाण्याखाली आहे. समुद्रकाठी राहणारे लोक उकिरडाही समुद्रकाठीच करणार. समुद्र १२० मीटर वर चढला तेव्हा ते जुने काठ सगळे बुडाले. आजच्या किनाऱ्यावरचे ढीग समुद्र आजच्या जागी स्थिरावल्यानंतरचेच असणार.

शिवाय अंदमानची जमीनही जागेवर राहत नाही. २६ डिसेंबर २००४च्या भूकंपाने हे एका सकाळीत दाखवून दिले. उत्तर सेंटिनल बेटाभोवतीचे प्रवाळ पाण्यातून वर आले, तर दक्षिण अंदमानात पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटची शेते खाली खचून त्यांत समुद्राचे पाणी शिरले. (पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४पासून श्री विजयपुरम झाले आहे.) हजारो वर्षांत असे किती हिसके बसले असतील! त्यामुळे सव्वादोन हजार ही तारीख 'माणूस आला तेव्हाची' नाही, 'आपल्या हाती लागलेला सर्वांत जुना उकिरडा' एवढाच तिचा अर्थ. पुरावा सापडला नाही म्हणजे माणूस नव्हता असे नाही, आणि डीएनए जुना म्हणजे माणूस तेव्हाच आला असेही नाही. या दोन काठांमध्ये सत्य कुठेतरी आहे.

तिसरा साक्षीदार : शब्द

तिसरी साक्ष भाषेची. प्रा. अन्विता अब्बी यांनी ग्रेट अंदमानी भाषांवर वर्षानुवर्षे काम केले, कोश आणि व्याकरण सिद्ध केले. या भाषेत शरीराच्या अवयवांवरून आलेले उपसर्ग नामांनाच काय, क्रियापदांना आणि विशेषणांनाही लागतात. गोष्ट तोंडाशी निगडित, हाताशी निगडित, की शरीराच्या आतली, हे सांगितल्याशिवाय वाक्यच पुरे होत नाही. अब्बी यांच्या मते ग्रेट अंदमानी हे एक भाषाकुल आणि ओंगे-जारवा हे दुसरेच. तसे असेल तर बेटांवर माणसे एकदाच आली की वेगवेगळ्या वेळी आली, हा प्रश्न पुन्हा खुला होतो.

या साक्षीदाराला मात्र आपण जपले नाही. जानेवारी २०१० मध्ये बोआ सीनियर या वृद्धा वारल्या आणि 'बो' ही भाषा बोलणारे जगात कुणी उरले नाही. शेवटच्या काळात त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलणारे माणूसच नव्हते. ढीग पुन्हा खणता येतो. रक्त पुन्हा तपासता येते. भाषा मात्र बोलणाऱ्याबरोबर जाते.

'जसेच्या तसे'?

आता त्या वाक्याचा उत्तरार्ध. साठ हजार वर्षे जसेच्या तसे! उकिरडा याला साफ नकार देतो.

मडकी घ्या. ओल्या जंगलात मातीची भांडी घडवणे, भाजणे ही कला अंदमानी लोकांकडे होती. पुढे धातूची भांडी मिळू लागली आणि ती मागे पडली, जशी आपल्या स्वयंपाकघरातून पितळी भांडी गेली. लोखंड घ्या. फुटलेल्या जहाजांचे लोखंड किनाऱ्याला लागायचे, ते ठोकून हे लोक बाणांची टोके करायचे. काच घ्या. वसाहतीतल्या बाटल्यांच्या काचेच्या कपच्या काढून बायका त्यांनी केस भादरायच्या, अंगावर नक्षीच्या चिरा पाडायच्या. पूर्वी त्यासाठी गारगोटी होती. काच जास्त धारदार, हे त्यांनी लगेच ताडले. होडी घ्या. एका ओंडक्यातून कोरलेली आणि बाजूला तोल सांभाळणारी उलांडी बांधलेली होडी ही अडाण्याची करणी नव्हे. आपल्या कोकणातल्या कुणाही खलाशाला ती चटकन ओळखू येईल.

सर्वांत गमतीची गोष्ट कुत्र्याची. मार्को पोलोने तेराव्या शतकात लिहून ठेवले की या बेटांवरच्या माणसांची तोंडे कुत्र्यासारखी असतात. प्रत्यक्षात त्या बेटांवर कुत्राच नव्हता! तो आला १८५८च्या कैदी वसाहतीबरोबर. अंदमानी लोकांनी त्याला लगेच आपलासा केला. कुत्र्यामुळे रानडुकराची शिकार सोपी झाली आणि ढिगांच्या वरच्या थरांत डुकरांच्या हाडांचे प्रमाण वाढले, असे कूपर यांनी दाखवले. उकिरड्यात एका प्राण्याच्या आगमनाचीही नोंद होते, ती अशी.

नवे हत्यार पारखून घेणारे, नवा प्राणी पाळणारे, जुनी कला गरज संपली की सोडून देणारे हे लोक. यांना 'अश्मयुगीन' म्हणायचे तर आपल्यालाही तेच म्हणावे लागेल, कारण आपल्याही घरात पाटा-वरवंटा आहे.

या शब्दाची किंमत

कुणी म्हणेल, मार्गदर्शकाच्या एका शब्दाने काय बिघडते? बिघडते. ज्यांना आपण गेलेल्या काळाचे अवशेष समजतो, ते नाहीसे झाले तर आपल्याला ते स्वाभाविक वाटते. १८५८ साली कैदी वसाहत झाली. जंगल तुटू लागले तेव्हा हे लोक धनुष्यबाण घेऊन लढले. मे १८५९ मधली ॲबर्डीनची लढाई त्याची साक्ष आहे. बाणांनी झाले नाही ते नुकसान रोगांनी केले. १८७७ मध्ये गोवराची साथ आली. वसाहतीच्या सुरुवातीला पाच हजारांच्या घरात असावेत असा अंदाज असलेले ग्रेट अंदमानी १९०१च्या जनगणनेत ६२५ उरले आणि १९६१ मध्ये अवघे १९. २०११च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी ४४, ओंगे १०१ आणि जारवा ३८० होते. हे नाहीसे होणे काळाने घडवलेले नव्हते. त्याला साल आहे, कारण आहे, सरकारी नोंद आहे.

आणि हे लोक आपले कुणीच नाहीत असेही नाही. २००९ साली सीसीएमबी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून दाखवले की, आज भारतात राहणाऱ्या बहुतेक सगळ्यांच्या रक्तात, मग ते मराठी असोत की तेलुगू, एका फार जुन्या लोकसमूहाचा वाटा आहे, आणि त्या समूहाचे दूरचे नाते ओंगे लोकांशी आहे. फारकत दहा-वीस हजार वर्षांहूनही जुनी असेल, पण भाऊबंदकी आहे.

२००४च्या त्सुनामीत निकोबारमध्ये हजारो माणसे गेली. लिटल अंदमानमधले ओंगे मात्र उंचावर जाऊन वाचले. समुद्राशी हजारो वर्षांची ओळख असलेल्या माणसांना समुद्राचे वागणे कळते. अशा ज्ञानाचा उकिरडा होत नाही, त्यामुळे ते उत्खननात सापडत नाही. ते माणसांतच असते आणि माणसे असेपर्यंतच असते.

तेव्हा वहिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : साठ हजार मोजले ते आपल्याच शहरात, पण ते वय वंशरेषेचे आहे. बेटावर कधी उतरले, याची तारीख अजून पक्की नाही. उकिरडा सव्वादोन हजार वर्षांपर्यंतची ग्वाही देतो, त्यापलीकडची पाने समुद्राखाली आहेत. आणि 'जसेच्या तसे' हे मात्र कुणीच मोजलेले नाही, कारण ते खरे नाही.

पुढच्या सहलीला पुन्हा त्या रस्त्याने जाण्याचा बेत निघाला, तर माझी एक विनंती आहे. बाराटांगची चुनखडीची गुहा वगळू, आणि तो वेळ श्री विजयपुरमच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात घालवू. तिथली होडी, बाण आणि बादल्या निवांत पाहता येतात. जिवंत माणसांकडे काचेतून पाहायची गरज पडत नाही.